विमलचं साधं ऑपरेशन

पेशंट दवाखान्यात बरा व्हायला जातो आणि त्याच्यासोबत बसलेले लोक किस्से घेऊन घरी येतात. आमच्या घरात असे किस्से इतके साठलेत की उन्हाळ्यात आम्ही बायका धाब्याच्या सपाट छपरावर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, थापायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "अक्का, तो मांजरीचा सांगा ना!" एक निघाला की त्याच्यामागून दुसरा निघतो. सगळे माझ्या धाकट्या जावेच्या, विमलच्या ऑपरेशनचे. आम्ही पोट धरून हसतो. हसताना एकमेकींकडे बघत नाही, एवढंच.

*

विमलच्या अंगावरून फार जायचं. जळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पिशवी काढावी लागेल. घाई नाही, तुमच्या सोयीनं करा, साधं ऑपरेशन आहे.

'सोयीनं' हा शब्द आमच्या घराला भारी आवडला. तेव्हा कापसाची वेचणी चालली होती. विमलचे मालक, म्हणजे माझे दीर भास्करभाऊ, म्हणाले, "आता नको, मग पाहू." पुढे नणंदेच्या, रेखाच्या लग्नाची तारीख निघाली. "आता नको, मग पाहू." मग रेखाचं पहिलं बाळंतपण आलं, तेही आमच्याकडेच. "मग पाहू!" अंगावरून जात असतानाच विमल रेखाला डिंकाचे लाडू वळून देत होती.

शेवटी आमची म्हैस आटली. धारा काढायचं काम गेलं, तेव्हा सासूबाई आपणहून म्हणाल्या, "आते जाऊ द्या तिले."

ॲडमिट करताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "एवढे दिवस थांबलात, मग आत्ताच कशी तारीख ठरवली?"

विमल सरळ मनाची. म्हणाली, "म्हैस आटली ना, डॉक्टर!"

*

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, छान झालं. आम्ही दवाखान्यातच पेढे वाटले.

मग भेटायला लोक यायला लागले. आमच्याकडे लग्नाला नाही गेलं तर एखादवेळ चालतं, दवाखान्यात भेटायला नाही गेलं तर पिढीजात अबोला. गावाहून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आली! खोलीत एक स्टूल. बाकी सगळे पलंगावर, विमलच्या पायाशी, उशाशी, कुशीशी. कुणी केळी सोलतंय, कुणी तंबाखू मळतंय.

सासऱ्यांच्या बहिणीला आम्ही सगळे फुई म्हणतो. फुईंनी विमलचं पांघरूण बाजूला केलं आणि पोटावरची पट्टी बोटानं उचलली. "देखू दे वं पोरी, किती टाका शेतस."

सिस्टर धावत आल्या. "आजी, हात लावू नका! हात धुतलेत का?"

फुईंना राग आला. "सकायलेच आंघोय करीसन उनू!"

सिस्टर गेल्या. फुईंनी पाहिलं म्हटल्यावर मामींनाही पाहायचं होतं, आणि मामींना दाखवलं म्हटल्यावर शेजारणीला कसं नाही म्हणायचं? शेवटी विमलच कुणी दारात दिसलं की विचारायची, "आधी टाके बघता की आधी बसता?"

*

टाके लाल झाले. मग पू आला. मग अशी थंडी वाजून ताप भरायला लागला की लोखंडी पलंग वाजायचा.

डॉक्टर रागावले. "सेप्टिक झालंय. तुम्ही लोक ऐकत नाही. पायात चपला, पेशंटच्या पलंगावर पोरं! ऑपरेशन मी केलं, पण स्वच्छता तुम्ही पाळायची की नाही?"

आम्ही माना खाली घालून उभे. तेवढ्यात ड्रेसिंगच्या ट्रॉलीखालून मांजर निघाली. तिच्या मागे तिची पिल्लं निघाली. सगळी डॉक्टरांच्या पायांमधून ओळीनं ऑपरेशनच्या खोलीत गेली. कुठे काय आहे, ते त्यांना माहीत होतं.

आम्ही डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "ते वेगळं."

*

डॉक्टर म्हणत, नातेवाइकांमुळे झालं. नातेवाईक म्हणत, डॉक्टरमुळे झालं. सासूबाईंनी तिसरंच कारण शोधलं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "वांगं वातूळ. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरात भरीत झालं होतं. तिनं भरीत खाल्लं, म्हणून पू झाला. सांगून ऐकते कोण?"

असं दोन-चार दिवस चाललं. भरताची गोष्ट जामनेरपर्यंत पोचली. तिकडचे पाहुणे आले तेच म्हणत, "कशाला गं भरीत खाल्लंस, पोरी?"

विमलला तेव्हा बोलायलाही जड जात होतं. तरी तिनं डोळे उघडले.

"भरीत मी केलं होतं," ती म्हणाली. "माझ्यासाठी उरलं कुठे होतं?"

*

ताप उतरेना. तिची लघवी कमी झाली, ती बरळायला लागली. जळगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही जीप करून तिला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जीप खड्ड्यात आदळली की ती म्हणायची, "अक्का, दूध उतू जातंय."

धुळ्याच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि तोंड फिरवलं. म्हणाले, विष रक्तात गेलंय, पुन्हा पोट उघडावं लागेल. मग भास्करभाऊंना विचारलं, "हिला त्रास कधीपासून आहे?"

"परवापासून जास्त झालं, साहेब."

स्ट्रेचरवरून बारीक आवाज आला. "रेखाताईच्या साखरपुड्यापासून."

रेखा तिथेच उभी होती. कडेवर तिचं पोरगं, पायांना धरून दुसरं!

*

आता राहिला एक. हा सांगा म्हणून मला कुणी म्हणत नाही.

दुसऱ्या ऑपरेशननंतर विमल नुसती पडून होती. नाकात नळी, हाताला सलाईन. हाक मारली तर ओ देत नव्हती. डॉक्टर रोज येऊन तेच सांगायचे, "आज काही सांगता येत नाही." तिची दोन्ही पोरं माझ्या माहेरी होती. धाकटं रोज विचारायचं म्हणे, आई कधी येईल, आणि माझी वहिनी सांगायची, उद्या.

अशात पाचोऱ्याहून मावससासूबाई आल्या. सोबत एक पाहुणे, धोतर-टोपीतले, हातात नारळ. मला वाटलं, भेटायला आलेत. पाहुण्यांनी विमलकडे एकदा पाहिलं, नारळ तिच्या उशाशी ठेवला आणि भास्करभाऊंना विचारलं, "बागायत किती आहे तुमच्याकडे?"

मला काही समजेना. मग मावशी बोलल्या. "हे बघ भास्कर, देव करो आणि ही उठो. पण पोरं लहान आहेत, म्हातारीच्यानं होत नाही. यांची मुलगी आहे. नुसतं कानावर घालून ठेवते."

पाहुणे म्हणाले, "पोरगी कामाची आहे. खापरावरचे मांडे असे करते, अलीकडून पलीकडचं दिसतं!"

सगळे हळू आवाजात बोलत होते. आजारी माणसाजवळ मोठ्यानं बोलू नये, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

मी भास्करभाऊंकडे बघत राहिले. ते खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, आता उठून पाहुण्यांचा नारळ त्यांच्या हातात देतील. मांजरीवरून जळगावच्या डॉक्टरांशी केवढे भांडले होते ते!

ते म्हणाले, "आता नको. मग पाहू."

मला एवढंच सुचलं की मी विमलच्या कानावर चादर ओढली.

विमल उठली. कशी उठली, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पोळा होऊन गेल्यावर ती घरी आली. पोटाला कायमचा पट्टा, जड उचलायचं नाही. तिच्यात जेवढी विमल गेली होती, तेवढी काही सगळी परत आली नाही. पण आली.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही असेच धाब्यावर बिबडे थापत होतो. मावशी पाचोऱ्याहून खास तिला भेटायला आल्या होत्या. शिजवलेल्या पिठाचं गरम पातेलं भास्करभाऊंनी स्वतः जिन्यानं वर आणून विमलपुढे ठेवलं, तशा मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नवरा असावा तर असा! धुळ्याला पलंगाजवळून हलला नाही गं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

सगळ्या बायका हो हो म्हणाल्या. भास्करभाऊ लाजून कपाळाचा घाम पुसू लागले.

विमलनं पाण्यात हात बुडवला, पिठाचा गोळा ओल्या कापडावर ठेवला आणि थापता थापता विचारलं, "मावशी, त्या मांडे करणाऱ्या मुलीचं कुठे जमलं का हो?"

मावशी पदर सावरू लागल्या. "को... कोणती गं?"

"तीच. वडील नारळ घेऊन आले होते." विमल बिबड्याची कड गोल करत होती. मग तिनं मान वर करून भास्करभाऊंकडे पाहिलं, अगदी साधं, जेवायला वाढू का विचारताना बघावं तसं.

"तुम्ही म्हणाला होतात ना, आता नको, मग पाहू. पाहिलं का मग?"