दोन मेमरींमधली गल्ली

प्रज्ञा गेल्याचा फोन तिच्या आईनंच केला, शिरूर कासारहून. "सलीम, पोरगी गेली बाबा. तुमच्या हापिसात सांग, आता ती सुट्टी मागणार न्हाई." मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. ग्रुपवर कळवलं. आमच्या साहेबानं हात जोडल्याची चित्रं टाकली आणि लगेच खाली विचारलं, तिचा लॅपटॉप परत कधी येईल? महिना झाला, पण ते वाचून पेटलेलं डोकं अजून थंड झालेलं नाही.

प्रज्ञा गोड मुलगी वगैरे मुळीच नव्हती. जीभ कात्रीसारखी चालायची. मी बीडचा, ती त्याच जिल्ह्यातल्या शिरूरची, एवढ्या नात्यावर ती मला सगळ्यांदेखत 'बे' म्हणायची. आईबाप ऊसतोडीला जायचे, ही वसतिगृहात वाढली. कुणापुढं गयावया करायची नाही, हे तिथंच शिकली. आम्ही दोघं चिपचा नकाशा आखायचो. चिपमध्ये लाखो बारके कप्पे रांगांनी बसवलेले असतात. प्रत्येक रांगेच्या कडेनं धातूच्या दोन पट्ट्या धावतात, एकीनं वीज येते, दुसरीनं परत जाते. या पट्ट्या वरच्या जाड पट्ट्यांना जोडायच्या, हे प्रज्ञाचं काम. माझी पहिली आखणी बघून म्हणाली होती, "पट्टी लई भारी काढलीस बे. वरून वीज कोण आणणार, तुझा बाप?" माझे अब्बा बीडात मोटारी दुरुस्त करतात. मी आधी चिडलो, मग हसलो.

शेवटच्या चिपचं काम चालू असतानाच तिला कॅन्सर निघाला. ती शिरूरला घरी बसून काम करायला लागली. "मरायचं तर मरीन, पन ही चालू झालेली बघून," असं सरळ बोलायची. ऐकणाऱ्याचं काय होतं याची तिला फिकीर नव्हती. त्या चिपमध्ये दोन मेमरींच्या, म्हणजे माहिती साठवणाऱ्या ठोकळ्यांच्या, मध्ये एक अरुंद गल्ली होती. गल्लीतल्या कप्प्यांना पट्टी होती, पण वरची जाड पट्टी तिथवर पोचतच नव्हती. आणि मेमरीला हुकूम जायचे ते याच गल्लीतून. प्रज्ञानं साहेबाला बजावलं, "इथं वीज येत नाही. चिप उठणार नाही." जाड पट्टी घालायची तर बाकीच्या तारा हलवाव्या लागणार, तारीख हुकणार. साहेब म्हणाला, "पट्टी दिसते आहे ना? तुला आरामाची गरज आहे, प्रज्ञा." आजार पुढं करून तिचं तोंड बंद केलं. हलकट माणूस! नकाशा तसाच पुढं गेला.

मग कंपनीनं ती चिप बनवायचीच नाही असं ठरवलं. प्रज्ञाला कळू द्यायचं नाही, अशी साहेबाची ताकीद होती. ती फार खंगली तेव्हा मी शिरूरला भेटायला गेलो. मी तिथं असतानाच साहेबाचा व्हिडिओ कॉल आला. मागे सगळी टीम टाळ्या वाजवत होती. "प्रज्ञा, तुझी चिप आली! पहिल्याच झटक्यात चालू झाली!"

तिनं शांतपणे विचारलं, "आणि मेमरींच्या मधली गल्ली?"

"ती पण! एकदम मस्त!"

ती हसली, थँक्यू म्हणाली, कॉल बंद केला. मग माझ्याकडं वळली. "त्या गल्लीत वीजच न्हाई, सलीम. चिप आली असती तर मुडद्यावानी पडली असती. बनवलीच न्हाई ना बे?" मी तिच्या हातातला फोन घेऊन बाजूला ठेवला. "बोल की! मरणाऱ्या माणसाला कावून फसवता?"

"नाही बनवली," एवढंच मी म्हणालो. तिनं भिंतीकडं तोंड केलं...

टाळ्या ऐकून तिची आई, मी मावशी म्हणतो ती, चहा घेऊन आत आली. काय झालं म्हणून विचारू लागली. प्रज्ञा पुन्हा या कुशीवर वळली. "माझी चिप चालू झाली, आई. सायबांनी सांगितलं." मावशीनं चहा तसाच ठेवला आणि शेजारीपाजारी साखर वाटून आली. तेवढ्यात प्रज्ञानं मला दम भरला, "आईला कळलं तर बघ." त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

परवा शिरूरला गेलो होतो. मावशीनं माझा फोन हातात घेतला. "ह्याच्यात हाय का रे तिची चिप?" मी हो म्हणालो. तिनं तो पदरानं पुसून परत दिला. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी ती अजून घेते आणि घडी न मोडता प्रज्ञाच्या खाटेवर ठेवते. हे छापून येईल ती पुरवणीही तिथंच जाईल. मावशीला वाचता येत नाही. वाचून दाखवायची ती प्रज्ञा. म्हणूनच मला हे लिहिता आलं.