ओवशाचं निमित्त

आमच्या नात्यात माझ्याबद्दल एक गोष्ट फार वर्षं सांगितली जाते. लग्नानंतर बायकोला शिकवून बारावी पास करणारा नवरा म्हणजे मी. परवा एका लग्नाच्या पंगतीत पुतण्याने नव्या जावयाला ती पुन्हा ऐकवली. बायको शेजारीच बसली होती. ती पानातली जिलेबी मोडत राहिली. ही गोष्ट खोटी आहे. खरं काय घडलं ते आता लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकात आम्ही घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या एका चाळीत राहत होतो. मी अंधेरीच्या एका कंपनीत कारकून होतो. लग्नाआधी बायको बारावी सायन्सला बसली होती आणि एकट्या बायोलॉजीत नापास झाली होती. तेवढा विषय सुटला की तिला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळणार होता. लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा तिने ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. मीच सही केली. वर म्हणालो, "अडलं तर मला विचार."

यामागे थोडी फुशारकी होती. इंटर सायन्सला मी स्वतः बायोलॉजीतच गटांगळी खाल्ली होती आणि कॉलेज सोडलं होतं. तरी घरात त्या विषयाचा जाणकार मीच, असं मी धरून चाललो होतो.

एका संध्याकाळी ती हृदयाची आकृती काढत बसली होती. मी चहा पीत वाकून पाहिलं आणि म्हणालो, "इथे चुकलीस. आर्टरीत शुद्ध रक्त असतं. तू निळा रंग दिलायस."

"अहो, ही पल्मनरी आहे ना. ही फुफ्फुसाकडे जाते. हिच्यात अशुद्धच असतं."

"सगळ्या आर्टरीत शुद्ध असतं."

तिने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. तिच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा नव्हता, उलट मला दाखवताना तिला आनंद झाला होता. आणि मला आठवलं, इंटरच्या पेपरात मी नेमकं हेच चुकीचं लिहून आलो होतो.

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. तिला अडतच नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या शाळामास्तरीणबाई जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "काय हुशार आहे हो तुमची मंडळी! डोकं आहे पोरीला." मी हसून वर यायचो आणि जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणायचो. ती जमिनीवर पाय पसरून, पेन्सिल दातात धरून वाचायची. आजूबाजूला मी आहे हे ती विसरून जायची. पुस्तकात असं हरवून जाणं मला कधी जमलं नव्हतं. सरळ सांगतो, मी जळत होतो. ती पास झाली तर मी नापास होतो हे मला रोज घरात दिसणार होतं.

'शिकू नकोस' म्हणायची हिंमत नव्हती. मग गणपती आले.

आमच्याकडे कोकणात गौर आली की घरच्या सुना तिला सुपं ओवसतात. सुपात फळं, पानं, खोबरं ठेवून ती गौरीपुढे धरायची. पण नव्या सुनेचा पहिला ओवसा वाटेल त्या वर्षी होत नाही. गौर पूर्वा नक्षत्रावर यावी लागते. त्यासाठी काही सुना दोन-दोन, तीन-तीन वर्षं थांबतात.

मी बायकोला सांगितलं, "यंदा गौर पूर्वात आहे. आईचा निरोप आलाय, ओवसा याच वर्षी. पंधरा दिवस तरी जावं लागेल."

तिचा चेहरा उतरला. "परीक्षा तोंडावर आहे हो."

"मी काय करू? देवाचं आहे."

आईचा निरोप आला नव्हता. पूर्वा नक्षत्रही त्या वर्षी नव्हतं. ती शहरात वाढलेली, तिने माझ्यावर विश्वास ठेवला. बाजारातून पाच नवी सुपं आणली, पिशवीच्या तळाशी पुस्तकं घातली, आणि ती सुपं मांडीवर घेऊन एस.टी.ने आम्ही गावी पोचलो.

आई घरापुढच्या खळ्यातच उभी होती. तिने सुपांकडे पाहिलं. "ही सुपां कित्याक गो हाडलंस?"

"ओवशाला, आई."

"ओवसो? औंदा पूर्वा खंय हा? तो पुढल्या वर्षाक! कोणी सांगल्यान तुका?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग आईला म्हणाली, "माझंच चुकलं. पंचांग नीट बघितलं नाही."

खळ्यातल्या बायका खो-खो हसल्या. "बारावी शिकतासा नि पंचांग वाचूक येणा नाय!" मी पिशव्या उचलून आत गेलो. बायकांना तिच्यावर हसू दिलं.

दुसऱ्या दिवशी गौरीसाठी तेरडा आणायला आम्ही दोघं व्हाळाकडे, गावच्या ओढ्याकडे गेलो. तिथे ती म्हणाली, "तुम्ही सरळ नको म्हणाला असतात तर मी भांडले असते. देवाला कशाला मध्ये घातलंत?" मी खाली वाकून तेरडा उपटायला लागलो.

घरी आल्यावर परीक्षा तोंडावर असल्याचं आईला कळलं, आणि आईने माझ्याकडे मोर्चा वळवला. "हिची परीक्षा नि तू हिका हंय घेऊन इलंस? अक्कल हा काय रे? गो, तू रांधपात शिरू नको. बस वाचीत. तू रे, आडाळ्यार बस, नारळ खव."

विळीच्या पात्याला पुढे खवणी असलेल्या त्या आडाळ्यावर मी सबंध सण बसून काढला. येणारे-जाणारे विचारत, आई सांगे, "बायल अभ्यास करता, म्हणान घोव खोबरा खवता!" ऐकणाऱ्यांना कौतुक वाटे. आज पंगतीत सांगतात ती गोष्ट तिथे जन्मली.

ओसरीवर बायको तेरड्याचं फूल नखाने उकलून पुंकेसर बघत होती. आईच्या हातात तिने एक पिकली शेंग दिली. ती बोटात तटकन फुटली, बिया उडाल्या, आई लहान मुलीसारखी ओरडली. "म्हणान हो सगळीकडे उगावता!" मग कितीतरी वेळ ती सुनेजवळ बसून ऐकत राहिली. मी इंटरला होतो तेव्हा आईने मला एकदाही विचारलं नव्हतं, तू काय शिकतोस म्हणून. खोबरं खवताना माझं बोट कापलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आम्ही ठरल्यापेक्षा लवकर परतलो. आईनेच हाकललं. परीक्षा झाली.

निकाल आणायला ती एकटी गेली. परत आली ती दारातच थांबली, धाप लागली होती. "पास. चांगल्या मार्कांनी." मी आधी कागदावर तिचे गुण पाहिले, मनात माझे आठवले, आणि मगच हसलो. हे तिने पाहिलं असणार.

मी पेढे आणायला खाली उतरलो. हलवायाने विचारलं, "काय शेठ, काय खुशखबर?" म्हटलं, बायको बारावी पास झाली. तो पेढे बांधता बांधता म्हणाला, "वा! तुम्हीच शिकवलं असणार."

मी म्हणालो, "हो."

आमच्या जिन्यातली एक शेजारीण मागे रांगेत होती. मी घरी पोचायच्या आत ती आमच्या दारात. "नवरा असावा तर असा गं! स्वतः शिकवून पास केलं तुला. नशीबवान आहेस."

बायकोने पुडा माझ्या हातातून घेतला, दोरा सोडला, पहिला पेढा उचलून माझ्या तोंडाजवळ धरला.

"घ्या, मास्तर."

शेजारीण टाळी देऊन हसली. मी तोंड उघडलं.