मावसाजींची कण्हणारी गाडी

माझ्या मावसाजींइतकं झाकणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात सापडायचा नाही. मी पत्रकं लिहिणारी, सभा घेणारी पोट्टी. त्यामुळे 'झाकणं' हा शब्द मी एरवी शिवीसारखाच वापरते. कारखानेवाले धूर झाकतात, साहेब लोक फायली झाकतात. मावसाजी, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, माठ झाकतात. ताक, रेडिओ, शिलाई मशीन, बाहेर काढलेल्या चपला, आणि अंगणात लवंडले तर स्वतःचं तोंडसुद्धा. सगळं पांढऱ्या मलमलीनं. याला कारण आहे. आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, सिलतऱ्याच्या बाजूचा. तिकडच्या कारखान्यांच्या भट्ट्यांची काळी धूळ पांढऱ्या मांजरालाही सकाळपर्यंत करडं करून सोडते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाल्यावर मावसाजींनी एक जुनी पिकअप घेतली आणि पंडरीच्या बाजारातून कपड्याचे गठ्ठे गावोगावच्या दुकानांत पोचवायला लागले. तेव्हापासून मलमलीचे उरलेसुरले तुकडे त्यांना फुकट मिळू लागले आणि झाकण्याला काही धरबंद राहिला नाही. चहा पिता पिता पाहुणा बोलायला थांबला, तर त्याच्या कपावरही फडकं यायचं.

गार्डाची नोकरी सुटली, पण अंगातला गार्ड काही सुटला नाही. निघण्यापूर्वी ते गाडीभोवती एक फेरी मारणार, प्रत्येक चाकाला हळूच लाथ घालणार, शिट्टी फुंकणार, आणि मावशीनं दारातून हात हलवला की मगच गाडी हलणार. एकदा मावशी अंघोळीला गेली होती. मावसाजी तोवर गाडी सुरू ठेवून बसून राहिले. मी रागावले, डिझेल जळतंय म्हणाले, तर म्हणतात, "सिग्नल नाही मिळाला, बाई."

अशा माणसाच्या गाडीचं स्टिअरिंग यंदाच्या हिवाळ्यात कण्हू लागलं. सरळ रस्त्यावर गाडी गुमान. वळवली की "ऊंऽऽऽ", आणि पुरी वळवली की दुखणाईत म्हशीसारखा हंबरडा. पारा हसायचा. मावशीची मात्र सोय झाली होती; कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी गाडी वळताना कण्हली की ती चहाचं आधण ठेवायची. मावसाजींनी त्या आवाजाचा ध्यासच घेतला. भेटेल त्याला गाडीत बसवून 'कसा वाटते?' म्हणून मत विचारायचे. पंडरीतले एक शेठ म्हणाले, माझे वडील खाटेवरून उठतात तसा. हे मत मावसाजींना पटलं आणि ते शेठच्या वडिलांच्या तब्येतीची चौकशी करून आले. जेवताना घास हातात धरून ते आम्हाला आवाज काढून दाखवायचे. "हा सकाळचा, गाडी थंडी असतानाचा. आता गरम झाल्यावरचा ऐक."

मला ऐकायला वेळ नव्हता. सिलतऱ्यापलीकडच्या एका गावात जनसुनावणी होती. एका कारखान्याला आणखी एक भट्टी हवी होती, आणि ज्याला हरकत असेल त्यानं तिथं येऊन तोंडानं सांगायची होती. आमच्या पाऱ्यातल्या बाया, ज्या रोज ती धूळ झाडतात, तयार होत्या. पण त्या गावाला बस जात नाही, आणि भाड्याच्या सगळ्या पिकअप कारखान्यांच्याच कामावर. गाडीवाले "हव, आ जाही", हो, येईल गाडी, म्हणायचे आणि नंतर फोन बंद करायचे. बाया पोचल्या नसत्या, तर पाऱ्याची हरकत नाही असं धरलं गेलं असतं. म्हणजे उरली एकच गाडी, मावसाजींची. आणि मावसाजींनी जाहीर केलं की कण्हणं थांबेपर्यंत तिच्यात एकही बाई बसणार नाही.

"चालते ना ती?" मी म्हटलं. "आवाज करते तर करू द्या. आम्हीपण आवाजच करायला चाललो."

"चालते. पण धड वळून नाही राहिली. पुलावर एकदम जड झाली तर? मागं बाया राहतीन, बाई. गठ्ठे नाही."

मी हातातली पत्रकं पिशवीत कोंबली.

तरी मी म्हटलं, मग सगळे भाग एकदम बदला आणि मोकळे व्हा. तेही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग तेलीबांध्याच्या तलावाला चक्कर मारून ऐकायचं, मग दुसरी. "सगळंच बदललं तर दोष कोणाचा होता हे कसं समजन?" मी त्या आठवड्यात या माणसाविरुद्ध मनातल्या मनात किती धिक्कार सभा घेतल्या, सांगत नाही. पाऱ्यातल्या गाडीच्या मिस्त्रीनं आधी स्टिअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा ताणला, मग नवा घातला. गाडी कण्हली. मग स्टिअरिंगचं तेल पाहिलं. डबीत खुणेपर्यंत भरलेलं होतं, काळंभोर. मिस्त्री म्हणाला, आत हवा शिरली असेल. पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, तेव्हा तेलातून बुडबुडे आले आणि गाडी शांत झाली. मावसाजींनी पाऱ्यात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पेढे पचायच्या आत गाडी पुन्हा कण्हली. सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं हात पुसले. "पंप गया, भैया. नागपूर से मंगाना पडेगा." नागपूरहून पंप येईपर्यंत नवी भट्टी पेटलीही असती.

त्याच सकाळी मावशी बादली घेऊन घरभरची फडकी गोळा करत फिरत होती. तो तिचा धुण्याचा वार. ती गाडीपाशीही आली, कारण स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण कधीतरी कुठल्याशा गावी पडलं होतं आणि तेव्हापासून मावसाजींनी डबीच्या तोंडाला, अर्थातच, मलमल बांधली होती. मावशीनं ती सोडली, उलटसुलट पाहिली.

"याच्या आधीचं कुठी गेलं? निळ्या धाग्याच्या काठाचं?"

"उडालं असन. म्हणून तर दुसरं बांधलं."

"तुम्ही बांधलेलं एक फडकं आजवर उडालं नाही. तेच काहून उडन?"

मोजताना रेल्वेचा एक डबा कमी भरावा आणि गार्ड थबकावा, तसे मावसाजी उभे राहिले. मग हळूच विचारलं, कधी हरवलं ते. मावशी म्हणाली, संक्रांतीच्या सुमारास. कण्हणंही संक्रांतीपासूनचंच. मावसाजी घरात पळाले आणि सांडशी घेऊन आले. त्या काळ्या तेलातून, जिथं कोणालाच तळ दिसत नव्हता, त्यांनी एक लिबलिबीत, सुतं निघालेलं चिंधूक वर ओढलं. काठाला निळा धागा होता. पंप ज्या नळीतून तेल ओढतो तिच्या तोंडावरच ते बसलं होतं. पंप बिचारा ओढायचा, तेल यायचं नाही, म्हणून कण्हायचा. धूळ आत जाऊ नये म्हणून बांधलेल्या फडक्यानंच गाडीचा गळा धरला होता. मिस्त्री हसत सुटला. मावशी एवढंच म्हणाली, "ती सांडशी आता मले घरात नको."

डबी आणि नळ्या धुतल्या, नवं तेल भरलं, हवा काढली, भंगारातून एक खरं झाकण आणून बसवलं. मावसाजींनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवली. काही नाही. काचा खाली करून पुन्हा वळवली. मला वाटतं, इतकी गोड शांतता मी कुठल्याही घोषणेनंतर ऐकलेली नाही. मी तिथंच गाडीच्या पायरीवर बसले.

सुनावणीला सगळ्या बाया पोचल्या. मी ते तेलकट फडकं पिशवीत घेतलं होतं. साहेबांसमोर फडकवायचं, ही पाहा आमची हवा, असं गरजायचं, सगळं ठरलेलं. मावसाजींनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. "हे तेलानं काळं झालं, बाई. हे नको. आपलं जे खरं, तेच पुरेसं आहे." आणि खिशातून माठावरचं फडकं काढून दिलं, काल धुतलेलं, आज सकाळी धुळीनं काळं होऊन निघालेलं. गाडीत चढण्याआधीच त्यांनी प्रत्येक बाईला आपापल्या माठावरचं आणायला सांगितलं होतं. बोलायला उठलेली प्रत्येक जण आधी ते टेबलावर ठेवायची. साहेबांनी आपले कागद दोनदा मागे ओढले, पण प्रत्येकीची हरकत लिहून घेतली. निकाल अजून यायचा आहे. पण आमची हरकत नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही. परतताना पुलावर गाडी लोण्यासारखी वळली. मागं बाया झोपल्या होत्या.

त्या संध्याकाळी पिंपळापाशी गाडी गुपचूप वळली आणि घरी आलो तर चहा नव्हता. मावशीला कळलंच नाही. मावसाजी जरा हिरमुसले. आता ते त्या कोपऱ्यावर काच खाली करतात आणि स्वतःच्या तोंडानं "ऊंऽऽऽ" करतात, गाडी गरम झाल्यावरचा, बरोबर तसाच. मावशी म्हणते, लोक हसून राहिले. तरी आधण ठेवते. मी कधी त्यांच्या घरी पत्रकं घडी घालत बसलेली असते आणि संध्याकाळ उतरते, तेव्हा माझाही कान त्या पिंपळाकडेच लागलेला असतो. आवाज येईपर्यंत हातातली घडी अर्धीच राहते. मग तो येतो, आणि ती कपांवरची फडकी काढते.