पेंटरकाकांचा ओला राक्षस

रंग वाळला की नाही, हे आमचे पेंटरकाका करंगळीच्या नखाला विचारत. बोट लावायचं नाही. बोट खोटं बोलतं म्हणत. नख उलटं करून, झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं तसं टेकवायचं आणि निकाल द्यायचा, "वाळला. न्या." नाहीतर, "न्हाय. उद्या या." ओला माल त्यांनी आयुष्यात कधी दुकानाबाहेर सोडला नाही. एकदा तर नवरदेवाच्या जीपची नंबरप्लेट ठेवून घेतली आणि वरात बिननंबराची गेली.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या गावात सात रस्त्याजवळ त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. पुढे तासाभरात छापून मिळणारे प्लास्टिकचे फ्लेक्स आले, दुकान बंद झालं आणि काका डबे-ब्रश घेऊन गावातल्याच शुक्रवार पेठेतल्या घरी बसले. 'फ्लेक्स' हा शब्द ते थुंकल्यासारखा उच्चारत.

त्याच सुमारास मला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, विज्ञानकथेतल्या प्राण्यांची मॉडेलं जोडायचं वेड लागलं. या वयात लोकांना योगासनं सुचतात. मी पुण्याहून फूटभर उंचीच्या परग्रही राक्षसाचं किट आणलं. खोक्यात मऊ व्हायनिल प्लास्टिकचे पोकळ, लवचिक तुकडे आणि जपानी भाषेतलं सूचनापत्र. "हा हात आहे की शेपूट?" बायकोने विचारलं. मी साहेबी आवाजात "हात" म्हणून सांगितलं. तो तुकडा मान निघाला. मग मी खोकं उचललं आणि काकांकडे गेलो.

काकांनी एक तुकडा दाबला, वाकवला, वास घेतला.

"आरं, ही तर फ्लेक्सची भावकी!"

"मग राहू द्या, काका."

"ऱ्हाऊ दे कशाला? त्यानं माझा धंदा खाल्ला. आता त्याच्या भावाला मी रंगवतो की!"

हा सूड होता की हौस, मला तेव्हाही कळलं नाही, अजूनही नाही.

सूचनापत्राकडे काकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. चहाच्या पातेल्यात पाणी तापवून त्यांनी राक्षसाचा पाय बुडवला. तो नरम पडल्यावर कडेची जास्तीची पट्टी ब्लेडने लोण्यासारखी उतरली. गरम असतानाच पाय कमरेच्या भोकात सरकवला आणि सगळं थंड पाण्याच्या बादलीत बुडवलं. पाय पक्का! हे पाहून मी घाईघाईने गार हातच खांद्यात कोंबायला गेलो. तो उसळला आणि काकूंच्या पोह्यांच्या ताटलीत पडला.

"साहेब, ढकलू नका," काका म्हणाले. मी हपिसात कारकून असल्यामुळे ते मला साहेब म्हणत. "ऊब द्या. नरम झालं की आपणहून ऐकतंय."

"आन् राक्षस उकळलेल्या पातेल्यातला च्या पाव्हण्यांना देऊ व्हय मी?" काकू आतून ओरडल्या.

राक्षसाचं अंग साबणाने धुऊन झालं. काकांनी हिरवा ऑइल पेंट काढला, चाळीस वर्षं ज्याच्यावर घर चालवलं तोच. रंग असा सुरेख बसला की राक्षस श्वास घेईल असं वाटावं. मे महिना होता. शेजारी काकूंच्या कुरडया दुपारपर्यंत कडक झाल्या. राक्षस संध्याकाळी चिकट. आठवड्याने चिकट. महिन्याने चिकट! शेजारच्या यंत्रमागावरचा सुताचा कचरा उडून त्याच्यावर बसला आणि त्याला मिशा फुटल्या.

काकूंनी पातेल्याला दोष दिला, मी हवेला. काका मात्र रोज नख टेकवायचे आणि नख बघत बसायचे. मी रविवारी गेलो की आधीच म्हणायचे, "न्हाय अजून." एक दिवस सगळे डबे उघडून प्रत्येकाचा वास घेताना मी त्यांना पाहिलं. रंग फितूर झालाय की हात, हे त्यांना उमगत नव्हतं.

इंटरनेटवर मला उत्तर सापडलं. व्हायनिलला मऊ ठेवणारं तेल आतून झिरपत राहतं आणि वरचा ऑइल पेंट वाळू देत नाही. याला पाण्यातला ॲक्रिलिक रंगच लागतो. चार रविवार मी हे पोटात ठेवून त्यांच्याकडे चहा प्यायलो, त्याच पातेल्यातला. पाचव्या रविवारी सांगून टाकलं.

"म्हंजे रंग चुकला," काका म्हणाले.

"रंग चांगलाच आहे, काका. ह्याला चालत नाही, एवढंच."

"त्येच की."

त्यांनी रॉकेलच्या फडक्याने राक्षस पुसायला घेतला. मी मदतीला हात पुढे केला, तो बाजूला सारला. मी आणलेल्या ॲक्रिलिकच्या बाटल्यांतून पुन्हा अंग रंगवलं, डोळे काढले. दहा मिनिटांनी नख टेकवलं. वाळलेला. मला वाटलं, आता हसतील.

"दहा मिनटात वाळतो त्यो कसला रंग?" ते म्हणाले. "चुकलेलं पुसायलाबी येळ देत न्हाय."

मी राक्षस खोक्यात ठेवणार, तेवढ्यात काकांनी तो परत घेऊन उलटा केला. तळवे कोरेच होते. आपला लाल ऑइल पेंट उघडून त्यांनी बारीक ब्रशने उजव्या तळव्यावर सही केली, पाटीच्या कोपऱ्यात करत तशी, शेपटीवाली.

"काका, हे वाळणार नाही."

"ठाव हाय. जा घेऊन."

चिडून म्हणाले की गमतीने, हे मी वाटेत ठरवत होतो. घरी येऊन मी मूर्खासारखं राक्षसाला शोकेसच्या काचेवर उभं केलं. पुढच्या थंडीत काका गेले.

गेल्या महिन्यात आम्ही घर बदललं. सामान बांधताना मी राक्षसाला उचलायला गेलो, तर डावा पाय सुटला, उजवा सुटेना.

"ओढा की जरा," बायको म्हणाली.

मी ओढलं नाही. शोकेसची ती काच राक्षसासकट बाहेर काढली आणि मांडीवर आडवी धरून रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

"काय हाय वो ते, साहेब?"

"रंग ओला आहे," मी म्हणालो. "जरा सावकाश घ्या."