चाळीस मिनिटं संपर्क नव्हता

सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं आणि एकच माणूस आमच्याकडे बघत होता. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं. तिसरीच्या पन्नास मुलांना घेऊन मी एका जंगलाच्या सिनेमाला गेले होते. बाजूच्या दाराशी खाकी शर्टातले एक किडकिडीत गृहस्थ पडद्याकडे पाठ करून उभे होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात चिटोरं. मनगटावर बशीएवढं घड्याळ. मधेच ते वाकून काहीतरी लिहीत आणि पुन्हा आमची तोंडं न्याहाळत. मला आधी रागच आला. मध्यंतरात मी सरळ जाऊन विचारलं, "काय लिहिताय?"

"तुमच्या चौथ्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीनं पाय वर घेतलेत, बाई," ते म्हणाले. "पुढच्या आठव्या मिनिटाला वाघ येणार आहे. तिला कडेच्या खुर्चीवर, तुमच्याजवळ घ्या."

घेतलं. आठव्या मिनिटाला वाघ आला. मुलगी माझ्या कुशीत शिरली आणि उरलेला सिनेमा तिनं तिथूनच, पण पूर्ण पाहिला.

ते त्या थिएटरात डोअरकीपर होते. मुलं त्यांना मिनिटकाका म्हणत, आणि पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागला की बाराच्या खेळाला ते प्रेक्षकांची तोंडं वाचत, आणि संध्याकाळी तिकीटखिडकीशेजारच्या काळ्या फळ्यावर खडूनं चार ओळी लिहीत. 'मध्यंतरानंतर अकराव्या मिनिटाला मोठा आवाज. लहानांना आधी सांगून ठेवावे.' 'नायिकेची आई वारते, पण पडद्यावर नाही.' 'कुत्रा वाचतो.' ही शेवटची ओळ वाचून तिकिटं काढलेली कितीतरी घरं मला माहीत आहेत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर दिसायचं, पण आयांचा विश्वास फळ्यावर.

त्यांची पारखही निराळी होती. "डोळ्यांवर हात ठेवून बोटांतून बघतं ना, ते पोर घाबरलेलं नसतं, मजा घेत असतं," ते मला सांगत. "रडणारंही फार घाबरलेलं नसतं. पाय बघायचे. पाय जमिनीवरून उचलून पोटाशी घेतले की समजायचं, आता हे रात्री अंथरुणात उठून बसणार."

"आणि मोठी माणसं?"

"मोठ्यांचं काही खरं नाही. ती लाह्या खात खात घाबरतात."

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. शहरात एक अंतराळाचा सिनेमा आला. खरी घडलेली घटना. दोन अंतराळवीर, यानात बिघाड, एकेक यंत्र बंद करत परतीचा प्रवास. शाळेत पाचवीला तेव्हा सूर्यमाला शिकवत होते, म्हणून मुलांना न्यायचं ठरत होतं. मुख्याध्यापिका माझीच जुनी विद्यार्थिनी. शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"बाई, पंचाईत झालीय. फळ्यावर 'मुलांना आणू नये' लिहिलंय."

"कितव्या मिनिटाला काय आहे?"

"तेच तर! मिनिट नाही, कारण नाही. नुसतं 'आणू नये'. पालकांचे फोन सुरू झालेत. एकसष्ट मुलांची नावं आलीत, मी काय सांगू? तुम्ही जरा बघून याल?"

वीसेक वर्षांत मिनिटकाकांनी मिनिट लिहिलं नव्हतं असं कधी झालं नव्हतं. तेव्हा सिनेमापेक्षा मला काकांचंच कुतूहल जास्त, हे कबूल करते. दुपारच्या खेळाचं तिकीट काढलं आणि मागच्या रांगेत बसले.

सिनेमात रक्त नव्हतं, मारामारी नव्हती, किंचाळणं नव्हतं. ताण मात्र असा, की माझ्या हातातल्या रुमालाची पिळून दोरी झाली. मध्यंतरानंतर एक जागा येते. यान चंद्राच्या मागे जातं आणि रेडिओ गप्प होतो. खाली जमिनीवर माणसं बसलेली. कुणाला काही माहीत नाही. मी काकांची युक्ती करून पाहिली, उठून भिंतीशी गेले आणि पडद्याकडे पाठ केली. थिएटरात दहाबारा मुलं होती. सगळ्यांचे पाय जमिनीवर. एक मुलगा तर पुढच्या खुर्चीवर हनुवटी टेकून, भूक लागल्यासारखा बघत होता. त्याच्या वडिलांच्या हातातल्या लाह्या मात्र अर्ध्या वाटेत थांबल्या होत्या.

आणि दाराशी काका नव्हते.

बाहेर गेले तर ते जिन्याचा कठडा फडक्यानं पुसत होते. कठडा चकाचक होता.

"काका, सिनेमा कसा आहे?"

"चांगला आहे."

"शेवट?"

"शेवटही चांगला आहे."

"यानातून आधी कोण उतरतं?"

त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तुमची मास्तरकी काही सुटत नाही, बाई."

"पाहिला नाहीत ना पुरता?"

"शुक्रवारी रेडिओ बंद पडला आणि मी बाहेर आलो. संध्याकाळी परत गेलो, परत बाहेर आलो. पोरांचे पाय बघायचेच राहिले."

मग जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांची लेक मालवाहू जहाजावर इंजिनियर होती, हे मला ठाऊक होतं. जावयाची बदलीची नोकरी, तो महिन्यातून एकदा यायचा. दहा वर्षांची नात आजी-आजोबांकडे वाढत होती. जहाज भर समुद्रात असलं की फोन लागत नाही, हेही नेहमीचंच. पण यावेळी अकरा दिवस झाले होते.

"मागे चौदा दिवससुद्धा झाले होते एकदा," ते म्हणाले. "कंपनी म्हणते, सगळं ठीक आहे. असेलच ठीक. पण नात विचारत नाही हो. पहिले चार दिवस विचारायची. आता नाही. आणि सोमवारी वर्गाबरोबर येऊन ती इथं बसणार आणि पडद्यावर तो रेडिओ..." त्यांनी हातानंच पुढचं सांगितलं. "मग मी लिहून टाकलं."

"एका मुलीसाठी साठ मुलांचा सिनेमा बंद?"

"चूकच आहे. मला कळत नाही का? पण हिला एकटीला घरी ठेवली असती, तर का ठेवली ते तिला सांगावं लागलं असतं."

एवढ्यात तीच जिना चढून आली. हातात आजोबांचा डबा, गळ्यात पाण्याची बाटली, आणि चेहरा भांडायला निघाल्यासारखा.

"आजोबा, फळ्यावर कारण का नाही लिहिलं?"

"आधी बाईंना नमस्कार कर."

"नमस्कार, बाई. आजोबा, कारण? आम्हाला वर्गात 'कारणे द्या'ला दोन मार्क असतात. नुसतं उत्तर लिहिलं तर शून्य."

"लहान मुलांनी बघण्यासारखा नाहीये, बाळा."

"आई जहाजावर आहे म्हणून ना?"

आता काका माझ्याकडे बघू लागले. मी कठड्याकडे बघितलं.

"मला शेवट माहितीय," ती म्हणाली. "शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक आहे. दोघंही परत येतात. एकाचं बोट मोडतं, डाव्या हाताचं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं," काका म्हणाले. मला वाटतं, इतक्या वर्षांत आपल्या थिएटरातल्या सिनेमाचा शेवट त्यांना दुसऱ्याकडून कळण्याची ही पहिलीच वेळ.

"मग शेवट माहीत असताना कशाला बघायचाय तुला?" मी विचारलं.

"कारण पुस्तकात एकच ओळ आहे, बाई. 'चाळीस मिनिटं संपर्क नव्हता.' बास. पुढच्या ओळीत लगेच संपर्क झाला. पण मधली चाळीस मिनिटं खालची माणसं काय करत होती? बसली होती? जेवली? कुणी बोललं की नाही? ते कुठेच लिहिलेलं नाही. ते सिनेमात असेल ना?"

एवढी वर्षं मी मुलांना धडे शिकवले. 'मधल्या काळात माणसं काय करत होती', हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मलाही कधी सुचला नव्हता.

"आहे," मी म्हटलं. "सिनेमात आहे ते."

काकांनी डबा उघडला, झाकण पुन्हा लावलं. "उद्या सकाळच्या खेळाला ये," ते म्हणाले. "तू आणि आजी. मग बघू फळ्याचं."

"तुम्हीपण बसायचं."

"मी कामावर असतो गं. दारात उभा असतो."

"मग मी पण दारात उभी राहीन."

पोर आजोबांवर गेली होती. हट्टात तर दोन पावलं पुढेच.

रविवारी सकाळी मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. काकांनी बॅटरी बदली माणसाकडे दिली होती आणि खाकी शर्टाऐवजी इस्त्रीचा पांढरा घातला होता. मधे नात, एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला ते. आजी मला म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा शेजारी बसून सिनेमा बघतायत. एरवी मला सोडून अख्ख्या गावाची तोंडं बघतात." काका कानकोंडे होऊन हसले. खुर्चीत कसं बसायचं तेच त्यांना कळत नव्हतं. दर दोन मिनिटांनी मान मागे वळायची आणि नात हनुवटीला धरून ती पडद्याकडे फिरवायची.

मध्यंतर झालं. यान चंद्रामागे गेलं. रेडिओ खरखरला आणि गप्प झाला.

खालच्या खोलीत एक माणूस पेन्सिलींना टोक करत बसला होता. टोक झालेल्या पेन्सिलींनाही तो पुन्हा टोक करत होता. अंतराळवीराची बायको घरी धुतलेले कप पुन्हा धूत होती. एक म्हातारा अधिकारी खिडकीपाशी उभा राहून पार्किंगमधल्या गाड्या मोजत होता, चुकत होता आणि पहिल्यापासून मोजत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

त्या शांततेत नातीचा आवाज खणखणीत आला. "आजोबा, ते दोघं वरती शू कुठे करतात?"

सगळं थिएटर हसलं. मागच्या रांगेतून कुणीतरी सांगितलं, "नळी असते, बाळा!" पुन्हा हशा. माझ्या पिळलेल्या रुमालालाही जरा मोकळं वाटलं.

काका तेवढे हसले नाहीत. मी वाकून पाहिलं. नातीनंही पाहिलं. ती त्यांच्या कानाशी गेली, पण कुजबुज तिला कधी जमलीच नाही.

"आजोबा, पाय."

काकांनी खाली बघितलं. दोन्ही पाय खुर्चीवर, गुडघे पोटाशी. चपला खाली तशाच पडलेल्या.

त्यांनी पाय हळूच खाली सोडले. ती म्हणाली, "राहू देत की. मी आहे ना." आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागली. तिचे स्वतःचे पाय जमिनीला पुरत नव्हते, ते आरामात हलत होते. थोड्या वेळानं काकांनी पाय पुन्हा वर घेतले आणि पुढचा सगळा भाग तसाच पाहिला. डाव्या हाताच्या बोटाला फडकं बांधलेला माणूस यानातून आधी उतरला. आजींनी पदरानं डोळे पुसले. काकांनी पुसले नाहीत, तसेच ओले राहू दिले.

दुपारी त्यांनी फळा पुसला. मी शेजारीच उभी होते. 'सहा वर्षांपुढील सर्वांनी पाहावा,' त्यांनी लिहिलं. 'मध्यंतरानंतर एकविसाव्या मिनिटाला रेडिओ बंद पडतो, पडद्यावर नऊ मिनिटे. दोघे परत येतात. घरचे कोणी दूर असल्यास मुलाशेजारी बसावे.' मग खडू हातात घेऊन थोडा वेळ थांबले आणि 'मुलाशेजारी' पुसून 'एकमेकांशेजारी' केलं.

"दोन मार्क?" त्यांनी नातीला विचारलं.

"दीड. अक्षर वाकडं आहे."

सोमवारी एकसष्ट मुलं गेली. नात त्यांच्यातलीच एक, दुसऱ्यांदा. नळीचं उत्तर तिनं सगळ्या वर्गाला आधीच देऊन ठेवलं होतं. मंगळवारी, म्हणजे चौदाव्या दिवशी, आईचा फोन आला. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. काका सांगत होते, पोरीनं कशी आहेस, कधी येणार, काही विचारलं नाही. पहिलाच प्रश्न, "आई, फोन लागत नाही तेव्हा तू काय करत असतेस?" आई म्हणाली, "इंजिनाला तेल घालते, जेवते आणि मरणाची झोपते." नातीनं ते वहीत लिहून घेतलं. मग तिनं फोन आजोबांकडे दिला आणि म्हणाली, "आता तुम्ही काय करत होता ते सांगा." काकांनी लेकीला कठड्याबद्दल सांगितलं. चौदा दिवसांत तो किती वेळा पुसला, तेसुद्धा. पलीकडून ती खूप वेळ हसत होती म्हणे.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. लेक अजून जहाजावर आहे. काका एकाहत्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे दारात उभं राहणं त्यांनी सोडलं आहे. शुक्रवारी बाराच्या खेळाला ते तिकीट काढून आजींबरोबर मधल्या रांगेत बसतात, आणि सिनेमा संपल्याशिवाय उठत नाहीत.