पाचव्या मजल्याचं ऊन

दाजी हे त्याचं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली कामाला लागला, "दाजी, स्क्रू द्या", "दाजी, दोर सोडा" असं ओरडायला लागला, आणि बघता बघता सगळी साइटच त्याला दाजी म्हणू लागली. ठेकेदार म्हणायचा, इंजिनिअर बाई म्हणायच्या, वयाने वडिलांसारखा असलेला वॉचमनही म्हणायचा. फुकटात एवढ्या सासुरवाड्या मिळाल्या म्हणून दाजी मनातून खूश होता.

काम होतं इमारतींना सावली लावायचं. खिडक्यांच्या बाहेर अॅल्युमिनियमची तिरपी पाती बसवायची, म्हणजे ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. नव्या माणसाला दाजी ठरलेलं भाषण द्यायचा. "ऊन काचेतून आत आलं की ते मुक्कामालाच येतं बघ. मग आतून पडदे ओढ नाही तर गाद्या लाव, ते काही जात नाही. त्याला दारातच अडवायचं." आत ऊन नाही म्हणजे एसी कमी, एसी कमी म्हणजे वीज कमी, आणि वीज कमी लागली तरच इमारतीला हरित दाखला मिळणार. दाखल्याशिवाय मालक शेवटचा हप्ता देत नसत. त्यामुळे पात्यांना आताशा बराच भाव आला होता.

पण उभं आयुष्य त्या चकाकत्या पत्र्यांकडे बघण्यात गेलं, आणि दाजीच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, मधली नजर गेलीय, ती परत येणार नाही. राहिलीय ती जपा. कडेकडेचं दिसायचं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. हे दोघांनाच ठाऊक होतं, बायकोला आणि मेहुण्याला. ठेकेदाराला कळलं असतं तर त्याच दिवशी दाजी झुल्यावरून खाली आला असता. झुला म्हणजे गच्चीवरून दोरांनी सोडलेला पाळणा. जमिनीवर त्याला करता येण्याजोगं दुसरं कामच नव्हतं.

मग काम हाताने सुरू झालं. पात्याची एक कड दुमडलेली असायची. दुमड बाहेरच्या बाजूला, खाली. बोट फिरवलं की कळायचं. शंका आलीच तर दाजी पात्यामागे तळहात धरायचा. हाताला ऊन लागलं नाही म्हणजे पातं बरोबर. बाकीचे हसायचे, "दाजी इमारतीला आशीर्वाद देतायत." मेहुणा त्या हसण्यात सामील व्हायचा आणि डोळ्यांत तेल घालून दाजीवर लक्ष ठेवायचा.

या इमारतीला नवा माल आला आणि घोटाळा झाला. पात्याच्या दोन्ही कडा दुमडलेल्या. बाहेरची कड कुठली, ते सांगायला फक्त एक निळा ठिपका. मेहुणा पातं हातात देताना हळूच पुटपुटायचा, "निळं तुमच्याकडे." तेवढ्यावर चार मजले बिनबोभाट झाले.

पाचव्या मजल्याची पश्चिम बाजू लावायच्या दिवशी मेहुण्याचा मुलगा तापाने फणफणला होता. मेहुण्याने सकाळीच सांगितलं, "दाजी, आज तुम्हीही घरी थांबा. पोट दुखतंय म्हणा."

"तू नसलास की माझं पोट दुखतं, हे लोकांच्या लक्षात यायला लागलंय," दाजी म्हणाला, आणि गेला.

झुल्यावर जोडीला नवा फिटर होता, त्याला निळ्या ठिपक्याचं ठाऊक नव्हतं. पश्चिमेचं काम नेहमी सकाळी, कारण दुपारी पत्रा हात भाजतो. पण सकाळी तिथे ऊनच नसतं. तळहात धरून काय कळणार? दाजीने पहिलं पातं दोन्ही बाजूंनी चाचपलं आणि अंदाजाने लावलं. पुढची सगळी त्याच्यासारखी.

"दाजी, बरोबर आहे ना?" फिटरने विचारलं.

"बरोबर आहे. लाव."

काचांना आतून कागद चिकटवलेले होते, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. तपासणीच्या दुपारी कागद निघाले आणि पाचवा मजला भट्टी झाला. पाती उलटी होती. ऊन अडवायचं सोडून ती त्याला हाताला धरून आत आणत होती. तपासणीच्या मॅडमनी दाखला रोखला.

ठेकेदाराने सगळ्यांना उभं केलं. "हे कुणाचं डोकं?"

दाजीने तोंड उघडायच्या आत मेहुणा पुढे झाला. "माझं. दाजींना मीच सांगून गेलो होतो, निळं आत ठेवा म्हणून. माझ्याकडून उलटं सांगितलं गेलं."

ठेकेदाराने त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. आणि दाजी? दाजी गप्प उभा राहिला. त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

बायकोने जेवायला वाढलं. म्हणाली, "माझा भाऊ बोलला. तुम्ही नाही बोललात." ताट तसंच राहिलं.

सकाळी तो ठेकेदाराकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. डोळे, ठिपका, सगळं. ठेकेदाराने हातातले कागद बाजूला ठेवले.

"आणि मेहुण्याला हे माहीत होतं?"

दाजी नाही म्हणू शकला असता. पण खरं बोलायची एकदा सुरुवात झाली होती, आणि त्या भरात तो म्हणाला, "होतं. त्याच्यामुळेच तर माझं निभत होतं. त्याला परत घ्या, साहेब."

"परत घ्या? दिसत नसलेल्या माणसाला इतक्या उंचीवर चढवून तो गप्प बसला! खाली कुणाच्या डोक्यात पातं पडलं असतं म्हणजे?" ठेकेदाराने फोन उचलला. "चूक कुणाचीही होते, दाजी. तेवढ्यासाठी मी माझ्याकडून काढलं, तरी कुणाची दुसरीकडची भाकरी तोडत नाही. पण हे मला बाकीच्या ठेकेदारांना सांगावंच लागेल."

मेहुणा संध्याकाळी आला. चपला न काढता दारातच उभा राहिला.

"कालच दुसऱ्या ठेकेदाराने मला ये म्हटलं होतं. आत्ता त्याचा फोन आला, येऊ नकोस. कुणीच घेणार नाही म्हणाला."

"मी तुझ्यासाठीच गेलो होतो रे."

"माझ्यासाठी?" मेहुण्याचा आवाज फाटला. "मी निभावलं होतं ना, दाजी! तुमचंही आणि माझंही. रात्री झोप लागेना म्हणून गेलात तुम्ही. मला एकदा विचारायचं तरी!"

बहिणीने हाक मारली तरी मेहुणा थांबला नाही.

पाचव्या मजल्याची पाती काढून सुलटी लावली गेली आणि इमारतीला दाखला मिळाला. दाजी झुल्यावरून उतरला तो घरीच बसला. मेहुणा बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या शहरात गेला. तिथे या धंद्यातलं कुणी त्याला ओळखत नाही. बायको अधूनमधून भावाकडे जाऊन येते. निघताना दाजीचं जेवण झाकून ठेवते, परतायची वेळ सांगते. तुम्हीही चला, असं मात्र म्हणत नाही.