उजव्या पायाचा ठेका

जयसिंगला दारू नाही, तंबाखू नाही, गावच्या राजकारणाची तर हवासुद्धा नाही. जावई लाखात एक मिळाला म्हणून पूनमच्या माहेरी कौतुक चालायचं. पण माणूस म्हटला की काहीतरी नाद असायचाच, आणि याला गिटारचा होता. चाकणला एका लहानशा कारखान्यात तो प्रेसवर पत्रे ठोकायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याची गिटार साधी, स्वस्तातली. हळदीला जुळवलेल्या तारा अक्षता पडेपर्यंत उतरायच्या.

निगडीच्या गिटार दुरुस्तीवाल्याने त्याच्या डोक्यात किडा सोडला. काळेवाडीत सोनबा नावाचा म्हातारा आहे, त्याच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची इलेक्ट्रिक गिटार आहे, आता तसा आवाज मिळायचा नाही. "पण जपून जा राव," तो म्हणाला. "प्रेसवाला दिसला की म्हातारा दारातूनच वाटेला लावतो."

झालं. तेव्हापासून जयसिंगला अन्न गोड लागेना.

शेवटी तो काळेवाडीला गेलाच. सोनबाने खाटेखालून गोधडीत गुंडाळलेली गिटार उजव्या हाताने ओढून काढली. डावा हात स्वेटरच्या खिशातच. रंग लाल, आणि वाजवणाऱ्याचा हात जिथे टेकतो तिथे घासून आतलं लाकूड दिसत होतं. जयसिंगने ती स्पीकरला जोडून तारा जुळवल्या, एक सूर छेडला आणि पुन्हा तोच छेडला. नव्या गिटारी ओरडतात. ही बोलत होती, घरातल्या जाणत्या बाईसारखी, मोजकंच.

"कामाला कुठं हायेस?" सोनबाने विचारलं.

"चाकणला, नाना. कंपनीत."

"कंपनीत काय करतोस?"

"स्टोअरला असतो."

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, तरी जीभ जराही अडखळली नाही. याचंच त्याला पुढे भय वाटलं.

सोनबाने डावा हात बाहेर काढला. अंगठा आणि शेजारचं एक बोट, पुढे नुसता तळवा. "मीबी प्रेसवर व्हतो. समदी म्हनली मशीन बिघडली. मशीनला काय धाड भरलीया? डोस्क्यात चाल घोळत व्हती. हात साच्यात व्हता, आन् पायानं ठेका धरला. पायाखाली पायडल." मग म्हणाला, "पैसं नकोत मला. वाजवत जा म्हंजी झालं."

दुसरा कुणी असता तर चपला घालून उठला असता. जयसिंगने हात पाहिलाच नाही, तो गिटार पाहत होता.

त्याच्या प्रेसला पूर्वी दोन बटणं होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय वरचा साचा खाली यायचाच नाही. पण अशाने माल कमी निघतो म्हणून मालकाने बटणं काढून पायडल बसवलं. पत्रा हाताने आत ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, मग पायडल दाबायचं, की साचा खाली. सगळीकडे असंच चालतं, आणि काही होत नाही तोवर सगळं बरोबरच असतं.

रोज संध्याकाळी तो लाल गिटार घेऊन बसू लागला, आणि एका सकाळी चाल त्याच्यासोबत कामावर आली. हात नुकताच बाहेर आला होता, तेवढ्यात साचा धाडकन पडला. पत्रा वाकडा कापला गेला. सुपरवायझर पत्र्यासाठी ओरडला, हाताबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

जयसिंगने पायडल डाव्या पायाला घेतलं. काही दिवस बरे गेले. मग डावा पायही ठेका शिकला.

"अहो, जेवताना तरी पाय थांबवा," पूनम म्हणाली. त्याने खाली पाहिलं. पाय हलतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने सगळं सांगितलं, तेव्हा तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "एक तर गिटार सोडा, नाहीतर प्रेस. मला तुमची बोटं हवीत."

स्टोअरला बदली मागितली, तर सुपरवायझर म्हणाला, दिवाळीनंतर बघू. तेव्हा रविवारी जयसिंग गिटार परत करायला काळेवाडीला गेला.

"शेवटचं वाजव येकदा," सोनबा म्हणाला.

तो वाजवत राहिला. म्हाताऱ्याचे डोळे बोटांवर नव्हते, पायावर होते.

"टाच टेकल्याली, चवडा वर. पायडलवाल्याचाच पाय हाय ह्यो. म्या पयल्याच दिशी वळखला व्हता."

"मग दिलीत कशाला, नाना?"

सोनबा भिंतीकडे बघत म्हणाला, "तुझ्यावानी कुनी वाजवली न्हाई. मला ऐकायची व्हती."

जयसिंगला राग आला, खरंच आला. स्टॅंडपर्यंत तो म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत गेला. गिटार खांद्यावरच होती. घरी पूनमने ती पाहिली आणि त्याचं ताट वाढून ठेवून ती झोपायला गेली.

सोमवारी पहिली शिफ्ट. त्याने पायडल पुन्हा उजव्या पायाला घेतलं आणि मनाला बजावलं, आज काही गुणगुणायचं नाही. दोन पेट्या माल नीट निघाला. मग काल सोनबाकडे वाजवलेली चाल हळूच आली.

पत्रा जरा तिरका बसला होता. तो सरळ करायला त्याने डावा हात आत घातला. टाच टेकलेली होती, चवडा पायडलच्या वर होता, आणि चालीची सम जवळ आली होती.